पिशवी लागेल का? सुपरमार्केटमधील ग्राहकांच्या प्रतिक्रियांविषयी प्रकल्प नोंदी

१४ मे २०१८, पुणे

प्रकल्पाचा विषय आज विभागाच्या बैठकीत पक्का झाला. सुपरमार्केटमध्ये मिळणारी प्लॅस्टिकची पिशवी बंद झाल्यावर ग्राहक काय बोलतात, काय करतात आणि कुणावर चिडतात, एवढेच पाहायचे आहे. बंदी योग्य की अयोग्य, प्लॅस्टिक उद्योगाचे नुकसान किती होईल, नाले खरोखर कशामुळे तुंबतात, हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी या प्रकल्पाचे नाहीत, हे विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच सांगून टाकले. राज्य सरकारची अधिसूचना २३ मार्चला निघाली आणि हाती असलेला साठा निकालात काढण्याची मुदत २३ जूनला संपते आहे. त्यामुळे बंदीच्या आधीचे काही आठवडे आणि नंतरचे काही महिने असा दोन्ही बाजूंचा काळ आपल्याला पाहायला मिळेल. असा योग अभ्यासकाच्या वाट्याला सहसा येत नाही. एरवी नियम पुढे निघून जातो आणि अभ्यास मागून धापा टाकत येतो.

दुकाने तीन निवडली आहेत. ‘क’ हे मोठ्या साखळीतले, कोथरूडमधील दुकान आहे. ‘ख’ कर्वे रस्त्यालगतचे, एकाच कुटुंबाच्या मालकीचे मध्यम आकाराचे सुपरमार्केट आहे. ‘ग’ हे एका सहकारी संस्थेचे ग्राहक भांडार असून तेथे बहुतेक गिऱ्हाईक वर्षानुवर्षांचे आहे. व्यवस्थापकांना दिलेल्या शब्दाप्रमाणे दुकानांची नावे कोठेही येणार नाहीत.

पार्श्वभूमीची एक बाब येथेच नोंदवून ठेवते, कारण तिच्यावाचून ग्राहकांची उत्तरे नीट कळणार नाहीत. कागदोपत्री पाहिले तर फुकट पिशवी २०११ सालीच बंद झाली होती. त्या वर्षीच्या केंद्रीय नियमांनी कॅरी बॅग विनामूल्य देऊ नये असे सांगितले आणि पिशवीची जाडी किमान ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठरवली. २०१६ च्या नियमांनी ती ५० मायक्रॉनवर नेली आणि पिशवी विकणाऱ्या दुकानदाराने स्थानिक संस्थेकडे महिन्याला किमान ४,००० रुपये भरून नोंदणी करावी असेही सांगितले. महाराष्ट्रात तर २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर, २००६ सालीच ५० मायक्रॉनची अट आली होती. प्रत्यक्षात मात्र मोठ्या दुकानांनी पिशवीचे पैसे लावायला सुरुवात केली, वाण्याने आणि भाजीवाल्याने ती फुकटच दिली, आणि कुणी विचारायला आले नाही. ‘फुकट पिशवी’ ही एकाच ग्राहकाला एका दुकानात मिळते आणि दुसऱ्यात मिळत नाही, अशी सात वर्षे चाललेली अवस्था आहे. यंदाची अधिसूचना वेगळी आहे ती दंडामुळे: पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद.

२१ मे २०१८

प्रश्नावलीचा पहिला मसुदा ‘ग’ येथे तपासून पाहिला. ‘प्लॅस्टिकबंदीला तुमचा पाठिंबा आहे का?’ या प्रश्नाला जवळपास सगळ्यांनी ‘हो’ असे उत्तर दिले आणि देताना त्यांपैकी अनेकांच्या हातात भांडाराचीच प्लॅस्टिकची पिशवी होती. हे ढोंग आहे असे मला वाटत नाही. विद्यार्थी हातात फळी आणि कागद घेऊन समोर उभा राहिला की माणूस नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले उत्तर देतो. तशी आपल्याला सवयच लावलेली आहे. तेव्हा तो प्रश्न काढून टाकला. त्याच्या जागी दोन साधे प्रश्न घातले: ‘आज घरून पिशवी आणली होती का?’ आणि ‘नसल्यास, का?’

उत्तरांचा पोत लगेच बदलला. ‘ऑफिसातून परस्पर आलो’, ‘नुसतं दूध घ्यायला आले होते, सामान वाढत गेलं’, ‘गाडीच्या डिकीत असते, पण आज नवऱ्याची गाडी आणली’, ‘घरी पिशव्यांचा ढीग आहे हो, निघताना लक्षात राहत नाही’. एका आजींनी मात्र विद्यार्थिनीलाच झापले: ‘पिशवी न घेता बाजारात जायचं म्हणजे काय? आमच्या वेळी सासूने घरात घेतलं नसतं.’ त्यांच्या खांद्याला जुन्या चादरीची शिवलेली पिशवी होती आणि तिच्या आत आणखी एक घडी घातलेली पिशवी होती.

२ जून २०१८

आजची नोंद थोडी सविस्तर लिहिते आहे, कारण पुढच्या कामाची दिशा तिच्यावर ठरेल असे दिसते.

‘क’ येथे आम्ही बिलाच्या काउंटरजवळ उभे राहण्याऐवजी प्रवेशद्वाराशी उभे राहिलो. शनिवार संध्याकाळची वेळ होती. आत येणाऱ्या ज्या कुणाच्या हातात पिशवी होती, त्याला सुरक्षारक्षकाने अडवले. पिशवी रिकामी असली तरी ती शेजारच्या खिडकीवर जमा करायची, तेथे प्लॅस्टिकचा क्रमांक असलेला बिल्ला घ्यायचा आणि परत जाताना तो दाखवून पिशवी सोडवायची, अशी पद्धत आहे. खांद्याला पर्स असली तर तिच्या चेनला पांढरी प्लॅस्टिकची पट्टी आवळतात. चोरी होऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे आणि दुकानाच्या दृष्टीने ती चूक आहे असे म्हणता येणार नाही. पण तिचा परिणाम पाहा. ग्राहक सामान घेऊन काउंटरवर येतो तेव्हा त्याची पिशवी दाराबाहेरच्या खिडकीत, बिल्ल्याच्या पलीकडे असते. बिल झाल्यावर मोकळे सामान ढकलगाडीत घालून खिडकीपर्यंत न्यायचे, तेथे पुन्हा रांग लावायची, पिशवी सोडवायची आणि जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या पायात उभे राहून सामान भरायचे, एवढे सगळे करण्यापेक्षा पाच-सात रुपये देऊन पिशवी घेणे सोपे वाटते.

एक गृहस्थ दोन मोठ्या कापडी पिशव्या घेऊन आले होते. रक्षकाने त्या जमा करायला सांगितल्यावर ते म्हणाले, ‘अहो, रिकाम्या आहेत, बघा ना आत काही नाही.’ त्यांनी पिशव्या उलट्या करून झटकून दाखवल्या. एकीतून कढीपत्त्याची दोन वाळलेली पाने पडली. रक्षक म्हणाला, ‘काका, मला तसाच नियम दिलाय.’ दोघांचेही खरे होते. काकांनी पिशव्या जमा केल्या, तासाभराने बाहेर पडताना त्यांच्या ढकलगाडीत दुकानाच्या दोन विकतच्या पिशव्या होत्या आणि बिल्ला परत देऊन त्यांनी आपल्या कापडी पिशव्या, घडी करून, त्या विकतच्या पिशव्यांमध्ये ठेवल्या.

पुण्यातला हाच ग्राहक महात्मा फुले मंडईत जाताना पिशवी विसरत नाही. मंडईत कुणी त्याच्या पिशवीकडे संशयाने पाहत नाही. उलट भाजीवाली ‘धरा पिशवी’ म्हणून तागडीतली भाजी थेट आत ओतते. पिशवी न आणण्याची सवय ग्राहकाला सुपरमार्केटच्या दाराशी लागलेली आहे, आणि तिची किंमत त्याच्याकडून सुपरमार्केटच्याच काउंटरवर वसूल होते. बंदीनंतरच्या प्रतिक्रिया तपासताना हा धागा सोडायचा नाही, असे ठरवले.

प्रश्नावलीत एक स्तंभ वाढवला: ‘पिशवी मिळणार नाही किंवा तिचे पैसे पडतील हे केव्हा कळले?’ पर्याय चार: घरूनच माहीत होते, दाराशी, सामान घेताना, बिल होताना.

१६ जून २०१८

‘ख’ येथे जाड, रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या दहा रुपयांना विकायला ठेवल्या आहेत आणि ग्राहक त्यांना ‘कापडी’ म्हणूनच घेत आहेत. वस्तुतः त्या नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच आहेत आणि मार्चच्या अधिसूचनेत बंदी घातलेल्या वस्तूंमध्ये त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. एका विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या आवारात अशा पिशवीची कड काडीने पेटवून दाखवली. सुती धाग्याची राख होते. हिची कड आक्रसली, वितळली आणि थंड झाल्यावर टोकाला काळा, कडक मणी राहिला. मालकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी घाऊक व्यापाऱ्याने ‘कापडी’ म्हणूनच माल दिल्याचे सांगितले आणि पावती दाखवली. पावतीवर खरोखर तसेच लिहिले होते.

२३ जून २०१८

बंदी आजपासून अमलात आली. सकाळी तीनही दुकानांत गर्दी नेहमीपेक्षा कमी होती, दुपारनंतर वाढली. पावसाची भुरभुर होती, आणि तिचा आजच्या प्रतिक्रियांवर कायद्याइतकाच परिणाम झाला असावा.

‘क’ येथे प्लॅस्टिकची एकही पिशवी नव्हती. सुती पिशवी विकत होती आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा बरीच महाग होती. ‘ख’ येथे रंगीत पिशव्या गायब होऊन खाकी कागदी पिशव्या आल्या होत्या. ‘ग’ येथे रिकामे पुठ्ठ्याचे खोके दाराशी रचून ठेवले होते आणि ‘ज्यांना हवे त्यांनी न्यावे’ अशी पाटी होती. खोका ही कल्पना चांगली असली तरी ती चारचाकीवाल्यांच्या कामाची आहे. पुण्यातला ग्राहक बहुधा दुचाकीवर असतो, पिशवी पुढच्या हुकाला अडकवून पायांमध्ये धरतो, आणि त्या जागी साबणाचा खोका बसत नाही. एका तरुणाने खोका उचलला, स्कूटरपाशी नेला, इकडून तिकडून लावून पाहिला, परत आणून ठेवला आणि कांदे-बटाटे हेल्मेटमध्ये भरले. हेल्मेट असे उपयोगी पडलेले पाहून बाजूचे लोक हसले, तोही हसला.

काउंटरवरची बोलणी विद्यार्थ्यांनी जशी ऐकली तशी उतरवली आहेत. त्यांपैकी काही:

‘दोन हजारांचं सामान घेतलं, एक पिशवी देता येत नाही तुम्हाला?’

‘सुटे नसले की चॉकलेट गळ्यात मारता, तसं आज पिशवी गळ्यात मारा की.’

‘मग आता हे पीठ काय पदरात नेऊ?’

‘पाच हजार दंड भरायची माझी तयारी नाही, ताई. राहू दे, हातात नेतो.’

शेवटचे वाक्य बोलणारे गृहस्थ कॅशिअरवर मुळीच रागावलेले नव्हते. ते घाबरलेले होते. रस्त्यात कुणाच्या हातात पिशवी दिसली तरी महापालिकेचे लोक पावती फाडतात, अशी बोलवा आहे आणि आज निम्मी चर्चा त्याच भीतीची होती. बंदीविषयीची खरी प्रतिक्रिया या भीतीच्या थराखाली आहे. तो थर बसल्यावरच ती दिसेल, म्हणून आजच्या नोंदींवरून कोणताही निष्कर्ष काढायचा नाही.

२४ जून २०१८

रविवार. ‘ख’ येथे कागदी पिशवी फाटली. आत डाळ, तेलाचे पाकीट आणि अंडी होती. अंडी वाचली नाहीत. पिशवीचे पैसे घेतले होते, म्हणून बाईंनी ते परत मागितले. मालकांनी ते लगेच दिले आणि अंडीही बदलून दिली. बाई जाताना म्हणाल्या, ‘फुकट पिशवी फाटली असती तर मी बोललेच नसते. पैसे घेतलेत ना, मग टिकायला हवी.’ हे वाक्य आम्ही जाड अक्षरात नोंदवले आहे. पिशवीला किंमत लागली की ती सौजन्याची वस्तू उरत नाही, माल होते, आणि मालाविषयी ग्राहक जे जे विचारतो ते तिच्याविषयीही विचारू लागतो: किती वजन पेलते, कशाची आहे, फाटली तर काय.

२ जुलै २०१८

सरकारने किराणा दुकानदारांना, वजनावर विकल्या जाणाऱ्या मालाच्या वेष्टनापुरती, अटी घालून सवलत दिली आहे; वेष्टन ५० मायक्रॉनपेक्षा जाड हवे, त्यावर उत्पादकाची माहिती हवी आणि ते परत घेण्याची व्यवस्था हवी. कॅरी बॅगवरची बंदी कायम आहे. ग्राहकांच्या दृष्टीने हा भेद फारसा पटण्याजोगा नाही. ‘ग’ येथे आलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी तो असा मांडला: ‘साखर प्लॅस्टिकमध्ये, रवा प्लॅस्टिकमध्ये, बिस्किटं प्लॅस्टिकमध्ये, आणि हे सगळं प्लॅस्टिक घरी न्यायला प्लॅस्टिक चालत नाही. छान आहे.’ त्यांनी स्वतः दोन कापडी पिशव्या आणल्या होत्या. हा आक्षेप बंदीला विरोध करणाऱ्यांपेक्षा ती पाळणाऱ्यांकडूनच जास्त ऐकू येतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जो स्वतः झीज सोसतो तो इतरांची झीज मोजतो.

भीती ओसरते आहे. पावती फाडण्याच्या गोष्टी कमी झाल्या आणि काउंटरवरचे टोमणे वाढले.

८ जुलै २०१८

एका विद्यार्थिनीची मावशी मेलबर्नमध्ये राहते. तिच्याकडून कळले की तेथेही याच सुमारास हाच प्रकार चालू आहे. मग वर्तमानपत्रे चाळली. वूलवर्थ्स या साखळीने २० जूनपासून पातळ, फुकट पिशव्या बंद करून जाड पिशव्या १५ सेंटला विकायला सुरुवात केली, पण तक्रारी आल्यावर त्याच जाड पिशव्या आजच्या तारखेपर्यंत फुकट दिल्या. कोल्सने १ जुलैपासून तेच सुरू केले. पश्चिम ऑस्ट्रेलियात एका ग्राहकाने कर्मचाऱ्याचा गळा धरल्याची बातमी आहे. पुण्यात आमच्यासमोर शब्दांपलीकडे काही गेलेले नाही.

मावशींचे म्हणणे असे की तेथे लोक दुकानावर चिडले आहेत: दुकानाने पर्यावरणाचे नाव पुढे करून स्वतःचा पिशव्यांचा खर्च वाचवला आणि वर त्या विकून पैसे मिळवले, असे त्यांना वाटते. आपल्याकडे बंदी सरकारने घातलेली असल्यामुळे दुकानदार ‘आमच्या हातात काही नाही’ असे म्हणून मोकळा होतो आणि ग्राहकही ते मान्य करतो. पण हे मान्य करणे काउंटरवरच्या विकतच्या पिशवीपाशी थांबते. प्लॅस्टिक देऊ नका असे सरकारने सांगितले. कापडीचे एवढे घ्या असे सरकारने सांगितले नाही, हा फरक आमच्या ग्राहकांना पक्का कळतो.

इंग्लंडचे उदाहरण विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला दिले. तेथे ५ ऑक्टोबर २०१५ पासून मोठ्या दुकानांना प्रत्येक पिशवीमागे ५ पेन्स घ्यावे लागतात. त्याआधी, २०१४ साली, सात मोठ्या साखळ्यांनी ७६० कोटींहून जास्त पिशव्या वाटल्या होत्या. आता तो आकडा ८० टक्क्यांहून अधिक घसरला आहे. वेल्समध्ये २०११, उत्तर आयर्लंडमध्ये २०१३ आणि स्कॉटलंडमध्ये २०१४ साली हाच नियम आलेला असल्यामुळे इंग्लंडच्या ग्राहकाला तो काउंटरवर प्रथम कळला असे झाले नाही. आयर्लंडने तर २००२ सालीच १५ सेंटचा कर लावला होता.

२२ जुलै २०१८

नोंदवहीत आतापर्यंत नसलेला एक विषय या दोन आठवड्यांत वर आला आणि तो जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांनी आणला: ओला कचरा. दुकानातून आलेली पिशवी घरी गेल्यावर कचऱ्याच्या डब्यात लागत असे. ती फुकट होती, मापाची होती आणि तिला बंद होते, म्हणून गाठ मारून कचरेवालीकडे देता येत असे. आता डब्यात वर्तमानपत्र घालावे लागते, ते भिजते, डबा रोज धुवावा लागतो, आणि हे धुणे कुणाच्या वाट्याला येते हे सांगायला नको. घनकचरा हाताळण्यासाठी कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना अधिसूचनेत सूट आहे, पण ‘ग’ च्या व्यवस्थापकांच्या म्हणण्याप्रमाणे लोक त्यांची किंमत विचारतात आणि परत ठेवतात.

मुलाखतींत पुरुषांनी पिशवीविषयी बोलताना दुकान ते घर एवढाच प्रवास धरला; स्त्रियांनी दुकान, घर, डबा आणि कचरागाडी असा. बंदीची चर्चा वर्तमानपत्रांतही पहिल्या प्रवासाचीच होते आहे. एका बाईंनी हिशेब मांडला: ‘आधी एक पिशवी दोन कामं करायची. आता सामानाला एक विकत आणि कचऱ्याला एक विकत. वाचलं काय?’ पिशवीचे पैसे जास्त वाटतात की कमी, याचे उत्तर ती पिशवी पुढे कितीदा उपयोगी पडते यावर आहे, आणि आमच्या प्रश्नावलीत पैशांचा प्रश्न होता पण पुढच्या उपयोगाचा नव्हता. आता तो घातला आहे.

३ ऑगस्ट २०१८

मेलबर्नहून बातमी: कोल्सने परवा जाड पिशव्या पुढेही फुकटच देणार असे जाहीर केले, त्यावर पर्यावरणवादी तुटून पडले आणि काल लगेच २९ ऑगस्टपासून पैसे घेणार असे सांगितले. दोन्ही बाजूंची नाराजी दोन दिवसांत ओढवून घेण्याचे कौशल्य विलक्षणच म्हणायचे. ज्या ग्राहकाने महिनाभर पिशवी आणण्याची सवय लावून घेतली त्याला मधल्या या फुकट पिशवीने काय शिकवले असेल, असा प्रश्न मावशींनी विचारला आहे. उत्तर त्यांनाच द्यायला सांगितले आहे.

१९ ऑगस्ट २०१८

‘केव्हा कळले’ या स्तंभाची छाननी झाली. नमुना लहान आहे, तीनच दुकानांचा आहे आणि आम्ही गाठलेले लोक बोलायला तयार असलेलेच आहेत, म्हणून आकडे मांडून त्यांना नसलेले वजन देणार नाही. पण कल एवढा ठळक आहे की तो लपत नाही. ज्यांना घरून निघतानाच किंवा दाराशी कळले होते त्यांच्यात नाराजी थोडी आहे आणि असली तरी ती पिशवीच्या दर्जाविषयी किंवा किमतीविषयी आहे. ज्यांना बिल होताना कळले त्यांचा राग रकमेच्या मानाने फार मोठा आहे आणि तो समोरच्या कॅशिअरवर निघतो. मिळकत, शिक्षण, वय यांपैकी कशानेही गटांमध्ये एवढा फरक पडलेला दिसला नाही.

याचे कारण काउंटरवर थोडा वेळ उभे राहिले की कळते. ‘क’ येथील पद्धत अशी: शेवटची वस्तू स्कॅन होते, यंत्र ‘बीप’ करते, एकूण रक्कम पडद्यावर दिसते, ग्राहक पाकीट काढतो, आणि तेव्हा कॅशिअर खाली पाहत, एका दमात विचारते, ‘पिशवी लागेल का?’ सामान पट्ट्यावर पसरलेले असते, मागे रांग असते, मागच्या माणसाने आपली टोपली पुढे सरकवलेली असते. या क्षणी ‘नको’ म्हणण्याची सोय ग्राहकाला उरलेली नसते. तो हो म्हणतो, बिलाच्या तळाशी पिशवीची ओळ वाढते आणि आपल्याला विचारल्यासारखे करून गृहीत धरले, अशी भावना घेऊन तो बाहेर पडतो. कॅशिअर मुलीला हे उत्तम ठाऊक आहे. तिने विद्यार्थिनीला सांगितले, ‘मॅडम, मी वर बघून विचारलं तर ते माझ्याशी भांडतात. खाली बघून विचारलं तर पुटपुटतात आणि देतात.’

‘ग’ येथे बिल करणारे काका वस्तू हाताळायला लागण्याआधीच ‘पिशवी आणलीय ना?’ असे विचारतात. नसेल तर ओळखीच्या माणसाला जुनी कापडी पिशवी उसनी देतात. ती बहुधा परत येते आणि न आल्यास ते पुढच्या खेपेला आठवण करतात. तेथे कुरबुर जवळपास नाही. मात्र हा गुण भांडाराच्या आकाराचा आहे, तो मोठ्या साखळीला जसाच्या तसा उचलता येईल असे मी म्हणणार नाही. प्रश्न आधी विचारणे एवढे मात्र कुणालाही जमेल.

९ सप्टेंबर २०१८

गणपती चार दिवसांवर आले. दुकानांत गर्दी आहे आणि पिशवी हा विषय मागे पडून मखर पुढे आले आहे, कारण थर्माकोलवरही हीच बंदी आहे. ‘ख’ येथे मालकांनी ‘पिशवी’ हा शब्द ऐकताच हात जोडले. भाजीच्या विभागात पातळ पिशव्यांचा रोल पुन्हा दिसला. ‘क’ च्या व्यवस्थापकांना आम्ही एकच विनंती केली: रिकामी कापडी पिशवी आत नेऊ द्यावी. ‘वरून परवानगी लागेल’ असे उत्तर मिळाले. क्षेत्रकाम येथे थांबवले. अहवाल दिवाळीनंतर द्यायचा आहे.

२० एप्रिल २०१९ (पुरवणी)

अहवाल केव्हाच सादर झाला, परंतु या महिन्यातला एक निकाल येथे नोंदवणे आवश्यक आहे. चंडीगडच्या जिल्हा ग्राहक मंचाने बाटाच्या एका दुकानाला, ३९९ रुपयांच्या बुटांबरोबर कागदी पिशवीचे ३ रुपये लावल्याबद्दल, ते ३ रुपये परत करण्याचा, ग्राहकाला भरपाई व खर्च देण्याचा आणि ५,००० रुपये कायदेविषयक मदतीच्या खात्यात भरण्याचा आदेश दिला. पिशवीवर कंपनीचीच जाहिरात होती, म्हणजे ग्राहकाने स्वतःच्या पैशाने कंपनीची जाहिरात मिरवायची, हा मुद्दा निकालात महत्त्वाचा ठरला. आमच्या नोंदींतही हे आहे: ‘क’ ची महाग सुती पिशवी अनेकांनी उलटी करून वापरली होती, छापील बाजू आत आणि शिवण बाहेर. तेव्हा आम्ही त्याला शिवणीचा दोष समजून विचारले होते आणि एका काकूंनी सांगितले होते, ‘पैसे मी दिले, नाव त्यांचं का मिरवू?’

११ जानेवारी २०२१ (पुरवणी)

गेल्या महिन्यात, २२ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने बिग बझारच्या प्रकरणात निर्णय दिला. कॅरी बॅगचे वेगळे पैसे पडणार असतील तर ते, आणि पिशवीचा तपशील व किंमत, ग्राहकाला दुकानाची निवड करण्यापूर्वी आणि माल निवडण्यापूर्वी कळले पाहिजे. पूर्वसूचना न देता पैसे भरण्याच्या काउंटरवर ती किंमत लादणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे आयोगाने म्हटले आहे. ग्राहकांना स्वतःच्या पिशव्या आत नेऊ न देण्याच्या पद्धतीचीही निकालात दखल आहे. पिशवीला किंमत लावणे मुळातच बेकायदा आहे असा याचा अर्थ लावणाऱ्या बातम्या आल्या आहेत. निकालाचा रोख ती सांगण्याच्या वेळेवर आणि रीतीवर आहे, एवढे विद्यार्थ्यांनी वाचताना ध्यानात ठेवावे.

महाविद्यालय अजून ऑनलाइनच चालू आहे, तेव्हा तीनही दुकानांत मी एकटीच जाऊन आले. ‘ख’ बंद झाले आहे. तेथे आता औषधांचे दुकान आहे. ‘क’ येथे पिशव्यांच्या दराचा फलक लागला आहे, पण तो कॅशिअरच्या मागच्या खांबावर आहे आणि रांगेत पहिला क्रमांक आल्याशिवाय वाचता येत नाही. पिशव्या जमा करण्याची खिडकी मात्र करोनामुळे बंद आहे, कारण लोकांच्या पिशव्या हाताळायला कर्मचारी तयार नाहीत. रक्षक पिशवीवर जंतुनाशक फवारतो आणि ती घेऊन आत जाऊ देतो. वरून परवानगी लागणारी गोष्ट अशी परस्पर झाली. ती महामारीनंतर टिकेल की नाही हे पाहावे लागेल. ‘ग’ येथील काका निवृत्त झाले असून त्यांच्या जागी आलेला मुलगा बिल झाल्यावरच पिशवीचे विचारतो.

नव्या तुकडीसाठी कामाची यादी: प्रत्येक दुकानात दराचा फलक नेमका कोठे आहे, तो दाराबाहेरून वाचता येतो का, आणि पिशव्या जमा करण्याची खिडकी चालू आहे की बंद, हे आधी नोंदवावे. ग्राहकांशी बोलणे त्यानंतर सुरू करावे, आणि जुन्या प्रश्नावलीतला ‘केव्हा कळले’ हा स्तंभ आहे तसाच ठेवावा.